उजव्या बाजूची स्प्रिंग

दाजी, तुमी फेकून मारलेल्या तांब्याचं टेंगूळ अजून माझ्या कपाळावर हाय. आज बारावा दिवस. तुमची राख नदीला मिळाली, पण टेंगूळ काय जागचं हललं न्हाई. हात लावला की ठणकतं. अक्का म्हणती, हळद लाव. मी लावत न्हाई.

मी मॅट्रिक झालोय, शुद्ध लिहायला मला येतं. पण "प्रिय भाऊजी, आपण आम्हांस सोडून गेलात" असं लिहिलं असतं तर तुमी सरणावरनं उठून माझ्या कानफटात दिली असती. म्हणून जसं बोलत आलो तसंच लिहितो. तुमी आष्ट्याचे हवालदार, मी कोरेगावचा शिरपा, तुमच्या बायकोचा धाकटा भाऊ. आपण दोघं आवाज न चढवता बोललो, असं मला एकदा बी आठवत न्हाई.

शेवटचं भांडण तरी कशावरनं? त्याच गाडीवरनं. घट बसायच्या दोन दिवस आधी मी आष्ट्याला आलो, तुमी सोप्यात च्या पीत बसला व्हतासा. मी म्हणालो, "दाजी, ती फियाट आता भंगारात घाला. पाच वर्षं गोठ्यात एका अंगावर कलंडून उभी हाय. कोंबड्या अंडी घालत्यात तिच्यात." झालं. तांब्या सुटला. "परत गाडीचं नाव काढलंस तर दुसरा बी फोडीन!" असं वराडलासा. तवा चुलीपास्नं अक्का बोलली, "एक फोडलासा त्यानं प्वाट भरलं न्हाई व्हय?" तुमी कप खाली ठेवलासा आन् शेताकडं गेलासा. दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या पाटात पालथे पडलेले गावलासा. डाक्टर म्हणाला, काळीज बंद पडलं.

माझा उजवा डोळा तुमी फोडला, हे आष्ट्यापास्नं कोरेगावपर्यंत सगळ्यांना ठावं हाय. ते खोटं हाय, आन् खोटं हाय हे मला पहिल्या दिवसापास्नं ठावं व्हतं. त्या सकाळी मी तोंड उघडायला पायजे व्हतं. पाच वर्षं रोज उघडायला पायजे व्हतं. आता तुमी ऐकायला न्हाई तवा लिहायला बसलोय. थू असल्या मर्दुमकीवर.

आपली सुरुवातच मारामारीनं झाली. लग्नात कानपिळीला मी तुमचा कान धरला. नवरीच्या भावानं कान पिळायचा आन् नवऱ्यानं हसून फेटा द्यायचा, एवढाच रिवाज. पण मी सतरा-अठरा वर्षांचा, अक्का जाणार म्हणून डोकं फिरलेला. असा पिळला की नख घुसलं, कानातनं रक्त आलं. तुमी हसलासा. नवा फेटा स्वताच्या हातानं माझ्या डोक्याला बांधलासा, पदर नीट खोवलासा, आन् मग अशी एक ठेवून दिलीसा की फेटा एकीकडं, मी एकीकडं. माझा बाप काठी घेऊन उठला. तुमी मला बखोटीला धरून उभं केलंसा, धूळ झटकलीसा आन् म्हणालासा, "फिटलं आपलं." दाजी, त्या दिवसापास्नं तुमी मला लय आवडायला लागलासा. कवा सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर दुसरी पडली असती.

तुमी फौजेच्या वर्कशापात गाड्यांचं काम करायचासा. मद्रासकडं असताना तुमी मोटारींच्या शर्यती बघितल्या व्हत्या, त्याच्या गोष्टी ऐकून ऐकून माझे कान किटले. पेन्शनीवर आलासा ते एक जुनी फियाट घेऊनच. गावानं तोंडात बोट घातलं. पण अक्काला गाडी लागायची. एष्टीत लागायची, टॅक्सीत लागायची, बैलगाडीत तेवढी न्हाई. माहेरी यायचं म्हंजे तिला आदल्या दिवसापास्नं उपास. पहिल्यांदा आपण तिघं फियाटमधनं कोरेगावला निघालो, आन् कराडच्या फुडं एका वळणावर गाडी अशी डुलली की मागं बसलेली अक्का थेट माझ्या मानेवर वकली. मी शिव्या देत वढ्याकडं पळालो. मान धुऊन वळून बघतो तर तुमी रस्त्याच्या कडंला गुडघे टेकून बसलेले, तिचं तोंड धूत व्हतासा. मी बघतोय हे दिसल्यावर उठून गाडीच्या चाकाला लाथ घातलीसा.

त्याच्यानंतर एक दिवस म्हणालासा, "फुडच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायच्या. आखूड आन् ताठ. गाडी जमिनीला धरून चालली पायजे."

"अक्कासाठी व्हय?"

"बायकांसाठी कोण गाडी खोलतं रं, येड्या? शर्यतीत बघितलंय मी. बुटकी गाडी वळणावर डुलत न्हाई."

खोटारडे. मिरजेच्या एका भट्टीवाल्याच्या डोक्यावर बसून तुमी दोन स्प्रिंगा वळवून घेतल्यासा, तार जाड, वेढे कमी. मागच्या कमानीच्या पाट्यांतला एकेक पाटा काढून मागची बाजू आधीच खाली बसवलीसा. फुडच्या कामाला मला कोरेगावातनं बोलावणं धाडलंसा. दसरा तोंडावर व्हता. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ते ह्याच गाडीतनं, आन् तसंच फुडं कोरेगावला जायचं, असं ठरलं. अक्का दोन वर्षं दसऱ्याला माहेरी आली नव्हती. आई तिकडं दिवस मोजत बसलेली.

अष्टमीला डावी स्प्रिंग बसली. तुमचा त्यो शिकंजा, फौजेत स्वता बनवलेला, दोन लांब आट्यांच्या सळ्या आन् टोकाला आकडे. आकडे स्प्रिंगीत अडकवायचे आन् नट आवळत जायचे, की स्प्रिंग गप जवळ येती. तुमी म्हणालासा, "दाबलेली स्प्रिंग आन् हवालदार, दोघांच्या तोंडाफुडं उभं ऱ्हायचं न्हाई." आपण दोघं हसलो. दुपारपर्यंत डावं चाक जाग्यावर. उजवं करायला उजेड पुरला न्हाई. म्हणालो, उद्या.

आन् उद्या खंडेनवमी. मी उठायच्या आत अक्कानं सारवलेल्या जमिनीवर सगळी हत्यारं मांडली व्हती. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाड, तुमचा फौजेतला सुरा, पान्यांचा डबा, आन् मधोमध शिकंजा. सगळ्यांना हळद-कुंकू, वर झेंडू. पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडल्याबिगर हात लावायचा न्हाई, हे आपल्याकडं पोराटोरांना बी ठावं. पण गाडी दारात वाकडी उभी, डावीकडं बसकी, उजवीकडं उंच. येणारा-जाणारा थांबायचा. "हवालदार, गाडीला लकवा मारला का?" तुमी एकाला दगड भिरकावलासा. माझं डोकं तापत चाललं व्हतं. मी जाऊन शिकंज्याला हात घातला, तर तुमी मागनं येऊन मनगट धरलंसा.

"आज न्हाई. उद्या पहाटं लावू."

"पहाटं लावून निघायचं कवा? दाजी, खंडेनवमीला दुश्मन चालून आला असता तर तुमी बंदुकीला झेंडू वाहून बसला असता व्हय?"

ह्यावर पडली. मी बी दिली. अंगणात लोळलो आपण. तुमी माझं तोंड शेणात दाबलंसा, मी तुमच्या दंडाला चावलो, दातांच्या खुणा शेवटपर्यंत व्हत्या तुमच्या दंडावर, आंघोळ घालताना बघितल्या मी. अक्कानं दोघांवर पाण्याची घागर उपडी केली तवा सुटलो. आन् तवा, तोंडातलं शेण थुंकत, मी ते बोललो. "तुमाला अक्काला माहेरी धाडायचंच न्हाई. तोंड नसल्यागत हत्यारांच्या आड लपताय."

मारलं असतंसा तर बरं झालं असतं. तुमी उठलासा, धोतर झटकलंसा आन् म्हणालासा, "कासरा आण."

कासऱ्याला कुणी हळद-कुंकू लावत न्हाई. पेठेतल्या रसूलमिस्त्रीकडनं पाने आन् जॅक आणला, त्याच्या घरी काय खंडेनवमी नव्हती. शिकंजा तेवढा त्याच्याकडं नव्हता. मग तुमी तुमचं डोकं चालवलंसा. गाडीच्या नाकाडावर शाळूची चार पोती ठेवली, स्प्रिंग दबली, आन् दबलेली असतानाच तुमी तिला कासऱ्यानं बांधलंसा. तीन वेगळे दोर, तीन वेढे, तीन गाठी. पोती उतरवली, गाडी ओंडक्यावर घेतली, चाक काढलं, चाकामागच्या दांडीखाली जॅक दिला. तुमी स्प्रिंगीवर बोट वाजवून बघितलंसा. तोंड वाकडं केलंसा. "आजून एक वेढा पायजे. मी दोर घेऊन येतो. मी आल्याबिगर जॅकला हात लावू नगंस." दोनदा सांगितलंसा.

मी हात लावला, दाजी.

शेणाची चव तोंडात व्हती अजून. म्हणालो, ह्यो माणूस येईस्तोवर स्प्रिंग काढून त्याच्या फुड्यात टाकतो. जॅक दोन आटे खाली घेतला. स्प्रिंग सरकंना. मधली गाठ दांडीच्या कडंला अडकलेली. मी ती गाठ सोडली. ह्या बोटांनी सोडली. दोर काढून बाजूला टाकला आन् जॅक आणखी खाली घेतला. बाकीचे दोन दोर तुटल्याचा आवाज मी ऐकला न्हाई. तोंडावर बैलानं लाथ घातल्यासारखं झालं एवढंच. स्प्रिंग माझं तोंड फोडून गोठ्याच्या पत्र्यातनं आरपार गेली, म्हणं.

तुमी मला खांद्यावर टाकून स्टँडपर्यंत पळालासा. मिरजेकडं जाणारा ट्रक आडवे पडून थांबवलासा. डायवर हळू चालवतो म्हणून त्याची गचांडी धरलीसा, हे त्यानंच नंतर सांगितलं. दवाखान्यात मी शुद्धीवर आलो तवा तोंडाला पट्ट्या व्हत्या आन् वऱ्हांड्यात अक्काचा आवाज येत व्हता. तुमी तिला सांगत व्हतासा, "माझी बांधणी कच्ची पडली." मग चपलेचा आवाज. एक, दोन, मोजायचं सोडून दिलं मी. मैदानात पाच माणसं लोळवणारा हवालदार दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बायकोची चप्पल खात उभा ऱ्हायला, आन् मी कण्हायचं सोंग घेऊन पडून ऱ्हायलो. पहिल्या दिवशी भीती वाटली म्हणून गप बसलो. नंतर गप बसलो व्हतो म्हणून गप बसलो.

त्याच्यानंतर तुमी कशालाच गाठ मारली न्हाई. बैल अक्का बांधायची, वैरणीचा भारा गडी बांधायचा. लोकांफुडं ती म्हणायची, "त्यांना नगा सांगू. त्यांची बांधणी कच्ची असती." तुमी तंबाखू मळत दुसरीकडं बघायचासा. गाडीला जुनी स्प्रिंग परत चढवून तुमी तिला गोठ्यात घातलंसा आन् नवी खुंटीला टांगलीसा. अक्का परत त्या गाडीत बसली न्हाई. एष्टीनं वकत वकत माहेरी यायची. मी गाडी फुंकून टाका म्हणायचो, कारण ती दिसली की माझं तोंड कडू व्हायचं. तुमी फेकून मारायला काय गावतं ते बघायचासा. पाच वर्षं ह्योच खेळ.

तुमची तिरडी बांधायला मी बसलो तवा भावकीतला एक जण म्हणाला, "तुला एका डोळ्यानं जमायचं न्हाई, सर." मी त्याच्या छातीत बुक्की घातली. मयताच्या दारात, दाजी. मग कुणी आडवं आलं न्हाई. मी बांधली, तुमी शिकवल्यासारखी, पीळ देऊन, गुडघा टेकवून. घाटावर त्याच गाठी सोडायच्या असत्यात. माझी बोटं चालंनात. दुसऱ्यानं विळ्यानं दोर कापले.

दहाव्याला पिंड ठेवला आन् कावळा लगेच शिवला. लोक हरखले. म्हणाले, हवालदाराची काय बी इच्छा ऱ्हायली न्हाई बघा, सुटला बिचारा. मला असा राग आला. इच्छा ऱ्हायली न्हाई? गाडी वाकडी उभी हाय गोठ्यात! कावळ्याला दगड मारावासा वाटला. तुमी एवढे रागीट, एवढ्या-तेवढ्यावरनं तांब्या फेकणारे, आन् ह्या एका गोष्टीवर कसलीच तक्रार न ठेवता गेलासा, हे मला सोसंना. घाटावरनं सरळ गोठ्यात गेलो. शिकंजा काढायला तुमची फौजेची पेटी उघडली.

शिकंजा तळाला व्हता. खाकी फडक्यात गुंडाळलेला, आन् फडक्याच्या आत त्याच्याभवती एक दोर. कासऱ्याचा तुकडा, हातभर लांब. मी उजेडात धरला. कुठं तुटल्याची खूण न्हाई, एक तंतू उसवलेला न्हाई. तुटलेले दोन दोर तुमी त्या वेळी सगळ्या गावाला दाखवत फिरलासा. तिसरा दोर कुठं गेला, असं कुणी विचारलंच न्हाई. मी सुद्धा न्हाई. तुमी दोर घेऊन परत आलासा तवा मी रक्तात पडलेलो, आन् बाजूला ह्यो सोडलेला दोर. तुमी फौजेतला माणूस. तुटलेलं काय आन् सोडलेलं काय, तुमाला एका नजरंत कळलं असणार. मला खांद्यावर टाकायच्या आधी तुमी ह्यो उचलून खिशात घातलासा. आन् मग पाच वर्षं चप्पल खाल्लीसा, टोमणे खाल्लेसा, बैल बांधायचं सोडलंसा. का? माझी अब्रू एवढी मोठी कवापास्नं झाली? एकदा दोर माझ्या तोंडावर फेकायचा व्हता. तांब्या फेकत आलासा, त्यो फेकला न्हाई.

मी दोर घेऊन अक्काकडं गेलो आन् सगळं सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, बसायची छाती नव्हती. तिनं ऐकून घेतलं. माझ्या हातातला दोर घेतला, दुहेरी केला, आन् मारायला लागली. पाठीवर, तोंडावर, जिथं गावंल तिथं. दिसत न्हाई त्या बाजूनं जास्त बसले. बायका धावल्या, तिनं त्यांना बी झिडकारलं. मी हात वर केला न्हाई. हात दमल्यावर ती खाली बसली, दोर नाकाला लावला आन् म्हणाली, "मी त्या माणसाला पाच वर्षं बैल बांधू दिला न्हाई रं, शिरपा."

मग मी दुसरं बी सांगितलं. स्प्रिंगा शर्यतीसाठी नव्हत्या. तुज्या वकारीसाठी व्हत्या.

"मला तर म्हणाले, वेगासाठी," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसलं आन् उठली. "चल. बसव ती स्प्रिंग."

"अक्का, आज खंडेनवमी हाय."

"पुजलीत का हत्यारं औंदा? सुतक हाय घरात. उचल."

आमी उचलली. हळद न्हाई, कुंकू न्हाई, झेंडू न्हाई. दहाव्याच्या दिवशी गोठ्यात पाने वाजायला लागले तशी भावकी दारात जमली. अक्कानं आतनं कडी घातली. तिनं दांडी धरली, मी शिकंजा लावला. नट आवळताना पाना दोनदा निसटला, तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला, म्हणाली, नीट धर. जुनी स्प्रिंग निघाली, खुंटीवरची नवी बसली. गंज चढला व्हता थोडा, पण बसली. चाक चढवलं, नट पक्के केले. ओंडका काढला. आता फक्त जॅक खाली सोडायचा ऱ्हायला.

मी जॅकचा दांडा हातात घेतला आन् तसाच थांबलो. अक्का म्हणाली, काय झालं?

म्हणालो, "दाजी म्हणालेत, मी आल्याबिगर जॅकला हात लावू नगंस."

ती माझ्या शेजारी शेणाच्या जमिनीवर बसली. पत्र्याच्या त्या भोकातनं ऊन आत येत व्हतं. बाहेर लोक कडी वाजवत व्हते. आमी दोघं दाराकडं बघत बसलो. किती वेळ बसलो, ठावं न्हाई. ऊन गाडीच्या टपावरनं उतरून चाकापर्यंत आलं.

मग अक्का म्हणाली, "सोड रं. यायचे असते तर एवढ्यात वराडत आले असते."

मग मी जॅक सोडला.